रेडकाच्या वाट्याचे दूध

म्हैस व्यायली की गोठ्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो, पारडी झाली की रेडकू? पशुवैद्यकीय सेवेत असताना हा प्रश्न मी शेकडो गोठ्यांत ऐकला आणि उत्तरानंतर घरातल्या माणसांच्या चेहऱ्यावर काय उमटते तेही पाहिले. सोलापूर जिल्ह्यातील एका वस्तीवर पंढरपुरी म्हशीची वार अडकली म्हणून मला भल्या पहाटे बोलावणे आले होते. म्हशीचे तिसरे वेत होते. कोपऱ्यात गोणपाटावर ओलेचिंब वासरू पाय सावरत उभे राहण्याची धडपड करीत होते आणि घरातली आजी म्हशीसाठी बाजरी शिजवीत बसली होती. मी वासराकडे पाहतो आहे हे लक्षात येताच ती म्हणाली, "रेडकू हाय डॉक्टर. जगलं तर जगलं."

महिनाभराने त्याच गोठ्यात दुसऱ्या जनावरासाठी जाणे झाले, तेव्हा त्या म्हशीपुढे भोत उभे होते. मेलेल्या रेडकाचे कातडे सोलून, त्यात पेंढा भरून, सुतळीने शिवून केलेले ते बुजगावणे म्हैस जिभेने चाटत होती, पान्हा सोडत होती आणि आजी खाली बसून धार काढत होती. त्या घराला निर्दय म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि हा लेख वाचून कोणी तसे म्हणू नये, म्हणून हिशोब मांडतो. रेडकाचे जन्मतःचे वजन साधारण 30 किलो असते. वजनाच्या एक दशांश दूध त्याला रोज मिळावे असा आमचा नियम, म्हणजे दिवसाला 3 लिटर. दोन महिन्यांचे झाले 180 लिटर. म्हशीच्या दुधाला लिटरमागे 50 रुपये धरले तरी 9 हजार रुपयांचे दूध त्या रेडकाच्या पोटात जाते, आणि एवढे करून दोन-तीन महिन्यांच्या रेडकाला बाजारात त्याच्या जवळपासही किंमत येत नाही. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईने हा तोटा कोणासाठी सोसायचा? म्हणून रेडकाला चीक कमी मिळतो, पुढे सड नुसते तोंडाला लावून त्याला ओढून बाजूला बांधले जाते, पंधराव्या दिवसापर्यंत पोटात जंत माजतात, हगवण लागते आणि ते जाते. मृत्यूचे कारण म्हणून आम्ही जंत किंवा हगवण लिहितो, पण खरे कारण हा हिशोब असतो.

या हिशोबाचा केंद्र सरकारच्या मांस-निर्यात धोरणाशी अगदी थेट संबंध आहे, आणि तो फारसा कोणी जोडून पाहत नाही याची मला अनेक वर्षे खंत वाटत आली आहे.

भारतातून गाय, बैल आणि वासरू यांचे मांस निर्यात करण्यास पूर्ण बंदी आहे. जगाच्या बाजारात भारताच्या नावावर जे 'बीफ' मोजले जाते ते सगळे म्हशीचे मांस असते. 2014-15 या वर्षात अशा मांसाची निर्यात सुमारे 14.76 लाख टन झाली आणि तिचे मूल्य 29 हजार कोटी रुपयांच्या वर गेले. त्यानंतर आकडा खाली-वर होत राहिला, तरी जगातील मोठ्या निर्यातदारांत भारताची गणना आजही होते. व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, इराक, सौदी अरेबिया, फिलिपिन्स हे प्रमुख ग्राहक देश आहेत. इंडोनेशियाने 2016 मध्ये दार उघडले आणि बुलोग या त्यांच्या सरकारी अन्नधान्य संस्थेमार्फत आपले गोठवलेले मांस तिकडे जाऊ लागले. एवढा मोठा व्यापार असूनही आपल्याकडे मांसासाठी म्हैस पाळणारा शेतकरी जवळजवळ नाही. दूध आटलेली, वय झालेली, पुन्हा गाभण न राहणारी भाकड म्हैस हाच या उद्योगाचा मुख्य कच्चा माल आहे. दुसरा कच्चा माल होऊ शकला असता तो रेडा, आणि तो तर पहिल्या महिन्यातच जातो. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे 11 कोटी म्हशी नोंदल्या गेल्या. त्यांतील माद्यांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा वाढली होती आणि नरांची 40 टक्क्यांहून अधिक घटली होती. नांगराला आणि गाड्याला रेडा लागेनासा झाला हे एक कारण आहेच. दुसरे कारण मी वर सांगितले.

केंद्राचे धोरण निर्यातीच्या टोकाकडून पाहिले तर फार काटेकोर आहे. कृषी व प्रक्रियायुक्त अन्न उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण, म्हणजे अपेडा, ज्या कत्तलखान्यांची व प्रक्रिया प्रकल्पांची नोंदणी करते तेथूनच मांस बाहेर जाऊ शकते. प्रत्येक मालासोबत सरकारी पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. मांस हाडे काढलेलेच असावे लागते आणि त्यातील लसिका ग्रंथीही काढाव्या लागतात. ही हाडांची अट सामान्य वाचकाला विचित्र वाटेल, पण तिच्यामागे सुरेख शास्त्र आहे. लाळ्या-खुरकूत रोगाच्या विषाणूला आम्लता सोसत नाही. जनावर कापल्यानंतर धड 24 तास थंड खोलीत, 2 अंशांपेक्षा थोड्या अधिक तापमानाला टांगून ठेवले की स्नायूंतील साखरेचे आम्ल बनते, सामू, म्हणजे पीएच, 6 च्या खाली उतरतो आणि स्नायूंतला विषाणू निष्प्रभ होतो. हाडातील मज्जेत आणि लसिका ग्रंथींत मात्र हे आम्ल तयार होत नाही, तेथे विषाणू तग धरू शकतो, म्हणून ते भाग काढून टाकायचे. पाठीच्या लांब स्नायूत सामूमापकाची सुई खुपसून प्रत्येक धडाचा सामू तपासणारे कर्मचारी मी एका प्रकल्पात पाहिले आहेत. ज्या धडाचा आकडा 6 च्या खाली येत नाही, ते निर्यातीच्या रांगेतून बाजूला काढले जाते.

म्हणजे आपल्या देशात हा रोग आहे ही गोष्ट गृहीत धरून ही सारी व्यवस्था बेतलेली आहे. जपान, दक्षिण कोरिया, युरोपीय संघ, अमेरिका हे चांगला दर देणारे बाजार याच रोगामुळे आपल्याला बंद आहेत. त्यामुळे आपले मांस जगात स्वस्त म्हणून विकले जाते, आणि ती स्वस्ताई सांगोल्याच्या रविवारच्या बाजारापर्यंत पाझरत येते. तेथे हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, रुमालाखाली बोटे धरून भाकड म्हशीचा जो दर ठरवतो, त्यात लाळ्या-खुरकुताची किंमत आधीच वजा झालेली असते.

म्हणूनच, मांसाच्या व्यापारासाठी केंद्राने आजवर केलेले सर्वांत मोठे काम कोणते असे मला विचारले, तर मी लसीकरणाचे नाव घेईन. 2003-04 मध्ये देशातील 54 जिल्ह्यांत लाळ्या-खुरकूत नियंत्रणाची मोहीम सुरू झाली, हळूहळू तिचा विस्तार झाला आणि 11 सप्टेंबर 2019 रोजी मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम जाहीर झाला. पाच वर्षांसाठी 13,343 कोटी रुपये, सगळा खर्च केंद्राचा, वर्षातून दोनदा लस, आणि 2030 पर्यंत रोगाचे उच्चाटन हे उद्दिष्ट. ज्यांनी हे काम केले त्यांना त्यातले कष्ट ठाऊक आहेत. जनावरे चरायला सुटण्याआधी, उजाडता-उजाडता वस्तीवर पोहोचायचे, खांद्याला बर्फाची पेटी, लस 2 ते 8 अंशांत राहिली पाहिजे म्हणून दर गोठ्यात झाकण उघडून पटकन बंद करायचे, आणि कानात ओळखीचा टॅग मारताना म्हशीने मान झटकली की हात दावणीवर आपटायचा. "लस दिली की दूध तुटतंय" हे प्रत्येक दारात ऐकावे लागे. दोन-तीन दिवस दूध थोडे कमी होते हे खरेच आहे, ते नाकारून उपयोग नसतो. मी मान्य करीत असे, आणि खुरकूत झालेल्या म्हशीचे दूध किती महिने तुटते ते सांगत असे. बहुतेक जणी म्हैस धरून देत. महाराष्ट्रासह काही राज्ये रोगमुक्त विभाग म्हणून पुढे आणण्याचा विचार केंद्राने 2024 मध्ये मांडला, तेव्हा मला त्या पहाटा आठवल्या.

देशातील बाजाराच्या बाबतीत मात्र धोरण इतके स्थिर राहिले नाही. 23 मे 2017 रोजी केंद्राने प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुरांच्या बाजारांचे नियम काढले आणि कत्तलीसाठी होणारी विक्री बाजारातून बाद केली. 'गुरे' या शब्दाच्या व्याख्येत म्हैसही बसवली होती. आठवडाभरात मद्रास उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर लागू ठेवली. पण तोवर बाजारात व्यापारी यायचे थांबले होते. भाकड म्हैस विकून आलेल्या पैशात थोडी भर घालून दुभती आणायची, ही शेतकऱ्याची जुनी रीत आहे. तेच त्याचे बँकेतले पैसे. त्या उन्हाळ्यात एक शेतकरी चार बाजार म्हैस घेऊन गेला आणि चारही वेळा टेम्पोचे भाडे भरून तिला परत घेऊन आला. पाचव्या वेळी जो दर मिळाला तो त्याने मला सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही. महाराष्ट्रात 2015 पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीवर ती नाही, प्रमाणपत्र घेऊन कत्तल कायदेशीर आहे. तरीही रस्त्यात गाडी अडवली जाईल या भीतीने व्यापारी दर पाडून मागतो आणि भीतीची ही किंमत शेवटी गोठाच भरतो.

रेडकाचा विचार दिल्लीत कोणी केलाच नाही असे मात्र नाही. अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात नर रेडके वाचवून वाढवण्याची एक योजना केंद्राने आणली होती, नाबार्डमार्फत कर्जाला अनुदान होते. माझ्या भागात तिचा लाभ घेतलेला एकही गोठा मला पाहायला मिळाला नाही. योजना रेडके विकत घेऊन वाढवणाऱ्यासाठी होती. ज्याच्या गोठ्यात रेडकू जन्मते त्याच्या 9 हजारांच्या दुधाचा प्रश्न तिने सोडवला नव्हता. 2020 मध्ये पशुसंवर्धन पायाभूत सुविधा विकास निधी आला, 15 हजार कोटी रुपयांचा. मांस प्रक्रिया प्रकल्प उभारणाऱ्याला त्यातून व्याजात 3 टक्के सवलत मिळते. 2021 मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानाची फेररचना झाली, शेळी, मेंढी, डुक्कर, कोंबडी यांच्या संगोपनाला 50 टक्के भांडवली अनुदान मिळू लागले, पण त्या यादीत रेडकू नव्हते. दुसरीकडे, लिंगनिर्धारित रेतमात्रांना केंद्र अनुदान देते, ज्यांतून 90 टक्क्यांपर्यंत पारड्याच जन्माला येतात. दूध विकणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा उपाय उत्तमच आहे आणि मीही तो सुचवतो. पण कारखाना उभारायला व्याजसवलत द्यायची आणि कारखान्याला लागणारा नर जन्मूच नये यासाठीही अनुदान द्यायचे, या दोन गोष्टी एकाच मंत्रालयाने कधी एका टेबलावर ठेवून पाहिल्या आहेत का, असा प्रश्न मला पडतो.

जपानचे उदाहरण येथे मला जवळचे वाटते. 1991 मध्ये जपानने गोमांसाची आयात खुली केली तेव्हा आयात शुल्क 70 टक्के होते, पुढे ते उतरत 38.5 टक्क्यांवर आले. आयात खुली होण्याच्या एक वर्ष आधी, 1990 पासून, त्यांनी मांसासाठीच्या वासरांना किमान दराची हमी दिली. बाजारभाव हमीच्या खाली गेला की फरकाची रक्कम वासरू वाढवणाऱ्याला मिळते आणि या खर्चासाठी गोमांसावरच्या आयात शुल्काचाच पैसा वापरला जातो. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की त्यांनी वासरांचे गट पाडले आणि दुधाळ जातीच्या वासरांसाठी वेगळा हमीदर ठेवला. मांसासाठीची काळी वाग्यू गाय आणि दुधाच्या गोठ्यातला नको असलेला गोऱ्हा यांचे अर्थकारण वेगळे आहे, हे त्यांनी कायद्यातच मान्य केले.

आपल्याकडे निर्यातीवर किलोमागे अगदी लहान शुल्क घेऊन, सहा महिन्यांचे जिवंत रेडकू दाखवणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या दुधाचा निम्मा खर्च जरी दिला, तरी हिशोब बदलेल असे माझे ठाम मत आहे. नीट जगलेला रेडा दोन वर्षांत अडीचशे-तीनशे किलोचा होतो. त्यासाठी सुरुवातीला लागते ते पोटभर चीक, दहाव्या-बाराव्या दिवशी जंताचे औषध आणि दोन महिने दूध. औषधाची किंमत एका चहाच्या आसपास आहे.

पण त्यासाठी आधी रेडकू कुठेतरी मोजले गेले पाहिजे. लाळ्या-खुरकुताची पहिली लस चौथ्या महिन्यात देतात आणि आमच्याकडे बहुतेक वासरांच्या कानात बारा आकडी बिल्ला त्याच वेळी बसतो. त्या आजीच्या गोठ्यात मी लसीकरणाला गेलो तेव्हा नोंदवहीत दोन म्हशी आणि एक पारडी लिहिली, तिघींच्या कानांत पिवळे बिल्ले मारले, आणि रेडकाचा रकाना रिकामा ठेवून पुढच्या वस्तीकडे निघालो. भोत तेव्हाही दावणीला टेकवून ठेवलेले होते.