चालू आहे, पण चालत नाही

आमचा गवत कापायचा मॉवर मे महिन्यात बिघडला. ओहायोत मे महिना म्हणजे गवताचा पोळा. आठवडाभर पाऊस पडला, शनिवारी बघते तर मागच्या अंगणात घोट्यापर्यंत गवत. दोरी ओढली, इंजिन एका झटक्यात चालू. पातं फिरतंय, घरघर व्यवस्थित. पुढे जायचा दांडा दाबला आणि मॉवर जागचा हलेना. नवरा म्हणाला, "अगं, चालू तर आहे." म्हटलं, चालू आहे, पण चालत नाही!

ढकलून कापता येतं म्हणा. पण ३५-४० किलोचं धूड आणि आमचं अंगण उताराचं. दोन फेऱ्यांत माझी कंबर बोलायला लागली.

हँडलला दोन दांडे असतात, तिथे नवख्याचा गोंधळ होतो. एक धरून ठेवला तरच इंजिन चालतं. सोडला की पातं ३ सेकंदांत थांबलंच पाहिजे, असा इथे अमेरिकेत १९८२पासून नियम आहे. (हे बाबांना फार आवडलं. "धागा तुटला की यंत्रमाग थांबतो, तसंच की," म्हणाले.) दुसरा दांडा चाकांचा. तो दाबला की एक केबल ताणली जाते, तिच्यामुळे खालचा पट्टा पुलीवर आवळतो, पट्टा छोटा गिअरबॉक्स फिरवतो आणि त्यातून निघालेला शाफ्ट पुढची दोन चाकं फिरवतो. म्हणजे बिघडायला भरपूर जागा.

मी हँडल दाबून पुढची चाकं जरा उचलली आणि दांडा दाबला. अधांतरी चाकं छान फिरली. जमिनीवर टेकवली की थांबली, आणि खालून कटकट, कटकट. मी निदान केलं, पट्टा घसरतोय. आधी केबल घट्ट करून पाहिली, कारण ते फुकट होतं. फरक शून्य. मग १८ डॉलरचा पट्टा मागवला.

पट्टा बदलणं हे संध्याकाळ खाणारं काम आहे. आधी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधायची, हे कधीही विसरू नका. नाहीतर पातं हाताने फिरवताना इंजिन धडधडायचं. टाकी रिकामी करायची. आडवा करताना एअर फिल्टर वरच्या बाजूला ठेवायचा. मागच्या वर्षी मी उलट्या कुशीवर पाडला होता, तेल फिल्टरमध्ये गेलं आणि सुरू केल्यावर एवढा पांढरा धूर झाला की शेजारीण कुंपणापाशी येऊन उभी राहिली. पात्याचा नट काढताना पातं फिरू नये म्हणून लाकडाचा ठोकळा अडकवला. पट्ट्याच्या झाकणाखालून ओल्या गवताचे गोळे निघाले, शेणाच्या गोवऱ्यांसारखे वाळलेले. नवा पट्टा चढवला, सगळं जागच्या जागी बसवलं, चालू केला. कटकट, कटकट.

बाबा हे सगळं घरामागच्या लाकडी डेकवरच्या खुर्चीतून बघत होते. उन्हाळ्यापुरते आमच्याकडे आलेत. इचलकरंजीत आयुष्यभर जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. पण मीच पहिल्या दिवशी म्हटलं होतं, "तुम्ही बसा बाबा, मी बघते." म्हणून ते बसले होते. आता कप खाली ठेवून म्हणाले,

"पट्टा घसरला की चिरकतो. रबराचा वास मारतो. हे कटकटतंय. दात गेलेत."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कुठं?"

चाक काढायला एक नट, दहा मिनिटं. चाकाच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या दातांचं कडं असतं आणि शाफ्टच्या टोकाला छोटं लोखंडी दातेरी चाक, ते त्या कड्याला फिरवतं. आमच्या कड्याचे दात चोखलेल्या कोयीसारखे गुळगुळीत झाले होते, तळाशी काळी पूड आणि मातीचा लगदा. हवेत चाकाला काही ओझं नसतं म्हणून ते दात कसेबसे पकडत होते. जमिनीवर वजन आलं की एकेक दात उडी मारत होता. बाबांनी नखाने कडं खरवडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"वळवताना मागं ओढतीस, तेव्हा दांडा सोडतीस का?"

सोडत नव्हते. कोपऱ्यावर चाकं पुढे जायला बघतात, मी मागे खेचते, आणि मधे बिचारं प्लॅस्टिक.

नवी दोन चाकं ४० डॉलरला पडली. म्हणजे १८ डॉलर वाया, पण त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही.

छोट्या दातेरी चाकाच्या आत एक चावी असते, नखाएवढा पोलादी तुकडा. त्या चावीमुळे ते एका दिशेने शाफ्टला पकडतं आणि दुसऱ्या दिशेने मोकळं फिरतं, म्हणून बंद मॉवर सहज पुढे ढकलता येतो. ती चावी गवतात पडली. मी गुडघ्यांवर बसून शोधतेय, तर बाबा स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजवरचं नायगराचं चुंबक घेऊन आले. दोन मिनिटांत चावी सापडली.

डाव्या-उजव्या बाजूचे भाग त्यांनी दोन वेगळ्या ताटल्यांत ठेवायला लावले होते. "घरात रॉकेल नाही?" हेही विचारून झालं. नाही म्हटल्यावर मी भांड्यांच्या साबणाने धुवायला घेतले आणि सिंकमध्ये दोन्ही ताटल्या एक केल्या. जोडून चालू केलं, मॉवर ढिम्म. या वेळी कटकटही नाही. पुन्हा चाकं काढली. दातेरी चाकांवर बारीक 'एल' आणि 'आर' कोरलेलं होतं, मी उलटं बसवलं होतं. बाबा काही बोलले नाहीत, फक्त पाना पुढे केला.

तिसऱ्या खेपेला दांडा दाबला आणि मॉवर हातातून निसटल्यासारखा चढावर निघाला, मी मागे जवळजवळ धावत. वळणावर बाबा डेकवरून ओरडले, "सोड!" मी दांडा सोडला.

जुना पट्टा फेकायला काढला होता. बाबांनी दोन बोटांनी ताणून बघितला, कुठे चीर नाही म्हणाले, आणि गॅरेजमध्ये खिळ्याला टांगून ठेवला.