आमच्या बॅचचे जे आज नाहीत

परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठाचा सुवर्णमहोत्सव होतोय, याचा मनापासून आनंद आहे. समितीने कॉलेजच्या आठवणी लिहायला सांगितल्या, पण मला लिहायचंय ते आमच्या बॅचमधल्या गेलेल्या सोबत्यांविषयी. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत नावाआधी 'कै.' लागलं की पुढे हुद्दा नाही, गाव नाही, काहीच नाही. हे मला सहन होत नाही.

विद्यापीठ सुरू झालं मे १९७२ मध्ये, ऐन दुष्काळात. माझा रूम पार्टनर प्रवेश घेण्याआधी आईवडिलांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायचा. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची, भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, यांवर घरानं ते वर्ष काढलं होतं. हाताला घट्टे पडलेले. पण भेंडीच्या संकराचं प्रॅक्टिकल असलं की सगळे त्याच्याभोवती जमायचे. उद्या उमलणारी कळी संध्याकाळीच हेरायची, पाकळ्या आणि पुंकेसर अलगद काढायचे, मधल्या स्त्रीकेसराला नखही लागू द्यायचं नाही, वर कागदी पिशवी चढवायची. सकाळी त्यावर नर म्हणून निवडलेल्या वाणाच्या फुलाचे पराग लावायचे. आमच्या बऱ्याच कळ्या गळून जायच्या. त्याच्या मात्र फळ धरायच्या.

पुढे तो कृषी खात्यात लागला. त्या काळी भेंडीवर केवडा हमखास यायचा. पानांच्या शिरा पिवळ्या, मग फळंही पिवळी, आणि पांढरी माशी तो रोग झाडाझाडावर नेणार. ऐंशीच्या दशकात आपल्याच विद्यापीठाचा 'परभणी क्रांती' हा केवड्याला दाद न देणारा वाण आला, तेव्हा हा बियाणं मोटारसायकलला बांधून गावोगाव हिंडला. भाषण कधी दिलं नाही. दोन ओळी जुन्या भेंडीच्या, दोन क्रांतीच्या, शेजारी-शेजारी लावा, एवढंच सांगायचा. महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा त्याच वावरात जाऊन कुठली पानं पिवळी पडली ते वहीत टिपायचा. विस्तारकार्य असंच करायचं असतं, असं माझं आजही ठाम मत आहे. निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना हृदयविकारानं तो गेला.

बॅचचा कबड्डी कॅप्टन औसा तालुक्यातला. बँकेत कृषी अधिकारी होता. १९९३ ला गणपतीसाठी गावी गेला. विसर्जन आटोपून गाव झोपलेलं. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या आत भूकंप झाला. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं माळवद. त्या घरातून कुणीच वाचलं नाही. आम्ही चौघं गेलो तेव्हा गावात त्याचं घर कोणतं, हे दाखवायलाही माणूस मिळेना.

आणि आमच्या वर्गातल्या मोजक्या मुलींपैकी एक, जिनं पुढे अख्खी नोकरी तुरीच्या वांझ रोगावर काम करण्यात घालवली, ती २०२१ च्या कोरोनात गेली. शेवटचं दर्शनही कुणाला झालं नाही. तिचे विद्यार्थी आज मराठवाडाभर कृषी खात्यात आहेत, आणि बाईंचं नाव काढलं की त्यांचा आवाज बदलतो.

रूम पार्टनरच्या मुलानं वडिलांच्या त्या वह्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यायचं कबूल केलंय. इतरांच्या घरी फोटो, पत्रं, टिपणं असतील तर त्यांनीही समितीकडे द्यावीत. यादीतल्या प्रत्येक 'कै.' नावापुढे निदान चार ओळी छापून याव्यात. आमच्या बॅचच्या ओळी मी लिहून देतो.