नाळेत एक धमनी कमी, आणि चिठ्ठीवर शिक्का नाही

आम्ही देवगडकडचे. विसाव्या आठवड्यातला ॲनोमली स्कॅन, म्हणजे बाळात काही व्यंग आहे का बघणारी सोनोग्राफी, झाला आणि रिपोर्टात खाली एक ओळ, सिंगल अंबिलिकल आर्टरी. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते, माझ्या बाळाला धमनी एकच. किडनी, मणका वगैरे नॉर्मल. शे-दोनशे बायकांत एखादीला असं निघतं आणि दुसरा काही दोष नसेल तर बहुतेक बाळं ठणठणीत होतात, हे नीट सांगणारं माणूस खूप उशिरा भेटलं, तोवर सासूबाईंचं देवाला गाऱ्हाणं घालूनसुद्धा झालेलं.

बाळाचं हृदय बघायला फीटल एको सांगितला, तीही सोनोग्राफीच, आणि तो कोल्हापूरला. भर पावसात फोंडा घाट चढून गेलो तर काउंटरवरची बाई म्हणते डॉक्टरांनी तपासणीसाठी दिलेल्या चिठ्ठीवर कारण नाही, शिक्का नाही, डॉक्टरांचा नंबर नाही, एफ फॉर्म कसा भरू? अहो रिपोर्ट आहे ना हातात! नाही, चिठ्ठीच पाहिजे. हा फॉर्म १९९४ च्या गर्भलिंग निदानबंदीच्या कायद्यातला, गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला लागतो, अर्धवट राहिला तर सेंटरवर कारवाई होते, म्हणून ती अडून बसली हे मला पटतं, माझं भांडण कायद्याशी नाहीच. पण चिठ्ठी देणाऱ्यांना हे माहीत नको? कायम पेशंट पाठवतात ना तिकडे? फोन केला तर "मॅडम ओपीडीत आहेत", व्हॉट्सॲपवर फोटो मागवतो म्हटलं तर ओरिजिनलच हवी. एको साधारण १८ ते २४ आठवड्यांत करतात आणि माझा बाविसावा सरत आलेला. ह्यांचा आवाज चढला, मी हाताला धरून बाहेर आणलं. मग नवी चिठ्ठी, नवी अपॉइंटमेंट, पुन्हा घाट, पुन्हा "लिंग जाणून घ्यायचं नाही" म्हणून सही. एको मात्र बघता बघता झाला. नॉर्मल!

पुढे बाळाची वाढ बघणारे ग्रोथ स्कॅन आणि रक्तप्रवाह बघणारे डॉपलर नेहमीपेक्षा जास्त झाले, कारण अशा बाळांचं वजन कधीकधी मागे राहतं. मुलगी झाली, २ किलो ७००. तिच्या किडनीची सोनोग्राफी आमच्या बालरोगतज्ज्ञांनी करून घेतली, सगळे करत नाहीत, तेव्हा आपणच विचारायचं.

हां, स्कॅनच्या वेळचं राहिलं, बाळाच्या मूत्राशयाच्या दोन्ही बाजूंनी धमन्या जातात, कलर डॉपलर लावला की एक आहे की दोन ते तिथे कळतं, बघितलं का म्हणून बिनधास्त विचारा. आणि चिठ्ठी पर्समध्ये टाकायच्या आधी डॉक्टरांसमोरच वाचा, मागे लाईन कितीही असू दे.