उंदरांनी भाता खाल्लाच नव्हता

ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या मुख्य स्टेशनाखालून सुटणारी लोकल अर्ध्या तासात ओबर्नडॉर्फला पोचवते. मी तिथे गेलो तो उंदरांपायी. 'सायलेंट नाइट' हे नाताळचं गाणं शाळेत घोकून घेताना सरांनी गोष्ट सांगितली होती : ऐन नाताळात उंदरांनी चर्चच्या ऑर्गनचा भाता कुरतडला, म्हणून पाद्रीबाबांनी रातोरात गाणं रचलं आणि गिटारवर वेळ मारून नेली. आमच्या पेटीचा भाताही उंदरांनीच खाल्लेला, त्यामुळे मला तेव्हा शंकाच आली नाही.

नदीजवळच्या उंचवट्यावर पांढरं, अष्टकोनी, एवढंसं चॅपल. वीसेक माणसं शिरली की संपलं. मूळचं चर्च साल्झाख नदीच्या पुरांनी खिळखिळं झालं, ते शंभरेक वर्षांपूर्वी पाडलं. तिथेच 24 डिसेंबर 1818 ला पाद्री योसेफ मोर आणि शेजारच्या आर्न्सडॉर्फचा मास्तर फ्रान्स ग्रुबर हे दोघं गिटारच्या साथीवर हे गाणं पहिल्यांदा गायले. गिटार खरी. उंदीर मात्र कुणीतरी मागाहून सोडलेले. ग्रुबरने 1854 मध्ये गाण्याची हकीकत स्वतः लिहून ठेवली, तिच्यात बिघडलेल्या ऑर्गनचं नावही नाही. आणि 'रातोरात' म्हणाल, तर 1995 मध्ये मोरच्या हातचा कागद सापडला; त्यावर कवितेचं साल 1816! चाल लागायच्या आधी दोन वर्षं ती पडून होती.

मोरची कथा ऐकून मात्र गलबलायला होतं. लग्नाशिवाय झालेलं पोर, धर्मपिता कोण, तर साल्झबर्गचा फाशी देणारा. 1848 मध्ये वाग्राइनला वारला तेव्हा गाठीला दमडी नव्हती. चेहऱ्याचं चित्रही नाही. पुढे शिल्पकाराला पुतळा करायचा होता, म्हणून 1912 मध्ये कबर उकरून त्याची कवटी काढली. ती याच चॅपलच्या भिंतीत चिणली आहे. हे कळल्यावर मी टेकलेली पाठ पटकन काढून घेतली.

शाळेत आम्ही तीनच कडवी म्हणायचो. मूळची सहा आहेत. गाळलेल्यांपैकी एकात येशू जगातल्या सगळ्या लोकांना भावासारखा कवेत घेतो. कविता लिहिली त्याच 1816 साली ही नदी सरहद्द ठरली आणि एक गाव दोन राज्यांत विभागलं गेलं : इकडे ओबर्नडॉर्फ, तिकडे लाउफेन.

परतताना पुलावरून पलीकडे गेलो. मध्यावर मोबाईल थरथरला : जर्मनीत आपलं स्वागत आहे. चहा प्यायलो आणि पाच मिनिटांत परत ऑस्ट्रियात.