डेव्हिड डाउन्टन आणि न काढलेली रेषा

डेव्हिड डाउन्टनचं चित्र पाहिलं की वाटतं, गडी बसला, कुंचल्याचे चार फटकारे मारले आणि उठला. त्या चार फटकाऱ्यांआधी कागदांचा केवढा ढीग पडलेला असतो, ते चित्रात दिसत नाही. दिसू नये, हीच तर त्याची सगळी खटपट.

हा ब्रिटिश चित्रकार १९५९ चा. शिक्षण कँटरबरी आणि वुल्व्हरहॅम्प्टनला. १९८४ पासून ब्रायटनमध्ये राहून बारा वर्षं मिळेल ते काम केलं: जाहिराती, वेष्टनं, कथाचित्रं, पाककृतींची पुस्तकं. फॅशन अधूनमधूनच. १९९६ मध्ये 'फायनान्शियल टाइम्स'ने त्याला पॅरिसचे कुत्यूर (मापावर, हाताने शिवलेल्या उंची कपड्यांचे) शो रेखाटायला धाडलं आणि मग तो त्याच वाटेचा झाला. पुढे २००७ मध्ये 'पूर्क्वा पा?' हे फॅशनचित्रांचं स्वतःचं नियतकालिक काढलं. लंडनच्या क्लॅरिजेस हॉटेलने २०११ मध्ये त्याला आपला निवासी चित्रकार नेमलं.

लोक त्याच्यात विसाव्या शतकातला नामवंत फॅशनचित्रकार रेने ग्रुओ शोधतात, आणि ते चूक नाही. सपाट रंग, जाड काळी रेषा, मोकळी सोडलेली जागा हे ग्रुओचंच घराणं. पण ग्रुओची बाई बऱ्याचदा एक नमुना असते. डाउन्टनने काढलेली मॉडेल कार्मेन देल'ओरेफिचे ही कार्मेनच असते. कारण तो समोर माणूस बसवून काढतो. आधी प्रत्यक्ष बघून भरपूर रेखाटनं, मग निवडलेल्यावर दुसरा कागद ठेवून तेच पुन्हा, दर वेळी काहीतरी गाळत.

ही पद्धत घरी करून बघता येते. पहिलं, पायाचं रेखाटन गिरवू नका, त्याच्यावर पातळ कागद ठेवून नव्याने काढा. गिरवलेली रेषा थरथरते, कारण डोळा खालच्या रेषेवर खिळतो आणि हात बोटांतून चालतो. खांद्यातून चालायला हवा. तीनचार थरांनंतर उजेडाकडची गालाची कड पुसून टाकली तरी चेहरा टिकतो का, बघा. टिकला तर ती कड नकोच होती. डोळ्याची वरची पापणी आणि ओठांमधली रेघ मात्र सहसा सोडता येत नाही.

डाउन्टन काळी रेषा कधी ॲसिटेटच्या पारदर्शक प्लॅस्टिक शीटवर काढतो आणि खाली रंगीत किंवा कापलेला कागद ठेवतो. फायदा असा, की रेषा बिघडली तरी रंग वाचतो. आपल्याकडे ओएचपी शीट (ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक शीट) चालते, पण झेरॉक्सवाली गुळगुळीत शीट घेतली तर शाईचे मणी होतात. बोटांचं तेल हे त्याचं एक कारण. आधी स्पिरिटने पुसा, शाईत भांडी घासायच्या लिक्विडचा अगदी एक थेंब टाका. इंकजेटच्या शीटची लेप असलेली बाजू शाई धरते, मात्र पाणी जास्त झालं की चिकट होते. सगळ्यात निर्धोक म्हणजे ड्राफ्टिंगची (नकाशे-आराखडे काढायची) मॅट फिल्म, फक्त खालचा रंग जरा धुरकट दिसतो. सुकलेली शीट गुंडाळू नका, शाईचे पापुद्रे सुटतात.

खालच्या सपाट रंगाला पोस्टर कलर दाट दुधाइतका पातळ हवा. जाड थर तडकतो. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) घ्या, नाहीतर फुगतो, मग फिल्म त्यावर नीट बसत नाही आणि स्कॅन करताना प्रत्येक रेषेशेजारी तिची बारीक सावली उमटते.