तुम्ही विचारलंत म्हणून : ‘एवढा फोटो जरा क्लिअर करून द्याल का?’

फोटो छापण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या व्यवसायात असल्यामुळे हा प्रश्न मला जवळजवळ रोज विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपने आलेला एक फोटो असतो, त्यातले माणूस बहुतेक वेळा नुकतेच गेलेले असते आणि तेराव्याच्या आत १२ बाय १८ची फ्रेम हवी असते. अशा घरच्या माणसांची ‘बघतो’ म्हणून बोळवण करणे मला योग्य वाटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मागच्या वर्षी एक बहीण-भाऊ आपल्या आईचा फोटो घेऊन आले होते. लग्नाच्या मांडवात काढलेल्या घोळक्याच्या फोटोतून आईंचा चेहरा आणि खांदे एवढाच भाग हवा होता. भावाने तो आधीच मोबाइलमधल्या एका अ‍ॅपमधून काढून आणला होता. डोळे लखलखीत, त्वचा तुकतुकीत, पापण्यांचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्पष्ट. बहिणीने तो दोनदा पाहिला आणि म्हणाली, “दादा, ही आई नाही वाटत.” मूळ फोटो मोठा करून पाहिल्यावर कारण कळले. आईंच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. अ‍ॅपने ते डाग समजून पुसून टाकले होते आणि ओठांची थोडी वाकडी ठेवणही सरळ केली होती.

हे असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. त्या भावाच्या फाइलची लांब बाजू १६०० पिक्सेलची (फोटो ज्या बारीक ठिपक्यांचा बनतो ते पिक्सेल) होती आणि त्यातून आईंचा भाग कापला तर हाती साधारण ४०० बाय ६०० पिक्सेल उरत होते. १२ बाय १८ इंचांची छपाई इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने करायची तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. मधली तूट कुठून तरी भरावी लागते. साधे सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढून ती भरते, त्यामुळे चेहरा धूसर दिसतो. नवी अ‍ॅप्स असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेली असल्यामुळे अशा ठिकाणी बहुधा काय असते याचा अंदाज बांधून भरतात, म्हणून तो नितळ दिसतो. पण गोंदण, देवीचे व्रण, एका डोळ्याची किंचित झाकलेली पापणी यांनीच तर ते माणूस घरच्यांना ओळखू येते, आणि अंदाजात नेमके तेच बसत नाही. देवळीजवळ लावायच्या फोटोत असा अंदाज भरायला माझे मन घेत नाही.

म्हणून पहिली गोष्ट मी मागतो ती मूळ फाइल. भावाने चुलतभावाला फोन लावला. फोटो त्याच्याच मोबाइलने काढलेला होता आणि अजून त्यात होता. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितले, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो पुन्हा आकसतो. आली ती फाइल ४००० बाय ३००० पिक्सेलची होती. आता आईंच्या भागात १००० बाय १५०० पिक्सेल होते, म्हणजे लांबी-रुंदीत प्रत्येकी अडीच पट. कोणत्याही एडिटिंगने मला इतके मिळवून दिले नसते.

मग खरे काम सुरू झाले. मांडवाच्या लाल कापडातून गाळून आलेल्या उन्हाने सगळ्यांचे चेहरे तांबूस झाले होते. आईंच्या मागे पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ उभे होते. टोपीवर व्हाइट बॅलन्सचा (रंगांचा तोल साधणारा) ड्रॉपर टेकवला की लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांची किंमत तिथे सारखी होते आणि त्याच प्रमाणात उरलेला फोटो बदलतो. काळपट दिसणारी साडी हिरवीगार निघाली. “अगदी हीच,” बहीण म्हणाली. पदराच्या सावलीत डोळे अंधारात होते, पण जेपीईजी फाइलच्या ० (पूर्ण काळे) ते २५५ (पूर्ण उजळ) या पट्टीवर तिथल्या किमती २०-३०च्या आसपास होत्या. अंधारात का होईना, तपशील होता, म्हणून कर्व्ह (उजेड-अंधार कमीजास्त करणारी रेषा) हलकेच वर उचलून तो दिसता करता आला. कपाळावर मात्र कापडाच्या फटीतून आलेल्या उन्हाचा कवडसा होता आणि तिथे तिन्ही रंग २५५ला भिडलेले होते. असा भाग गडद केला की पांढऱ्याच्या जागी नुसता राखाडी ठिपका मिळतो. तो कवडसा मी तसाच राहू दिला.

शार्पनेस सर्वांत शेवटी, छपाईचा आकार ठरल्यावरच द्यावा. त्यात नवा तपशील येत नाही. कडेची उजळ बाजू अधिक उजळ आणि गडद बाजू अधिक गडद होते एवढेच. प्रमाण चुकले की केसांभोवती पांढरी रेघ उमटते.

‘रंग जरा उजळ करा’ असेही पुष्कळ जण सांगतात. उजेड कमी पडला असेल तर तो मी जरूर वाढवतो. सावळ्या माणसाला गोरे करून देत नाही, मग गिऱ्हाईक परत गेले तरी चालेल. आयुष्यभर जो रंग त्या माणसाने अंगावर वागवला तो भिंतीवर गेल्यावर का बदलावा?

इतके पिक्सेलही १२ बाय १८ला पुरेसे नव्हते, म्हणून शेवटी आम्ही फोटो ६ बाय ९ इंचांचा छापला आणि रुंद माउंट (फोटोभोवतीची जाड कागदाची चौकट) लावून १२ बाय १८च्या फ्रेममध्ये बसवला. छापण्याआधी बहिणीला शेजारी बसवून पडद्यावर चेहरा चौपट मोठा केला आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवून विचारत गेलो. गालावरचा ठिपका अक्षतेचा निघाला, तो काढला. कानाजवळचा तीळ होता, तो ठेवला. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसत होते. म्हणून फोटो घेऊन याल तेव्हा ज्या मोबाइलने तो काढला तो मोबाइल आणा, आणि तो चेहरा जवळून पाहिलेले कोणीतरी बरोबर आणा.