हे कोण म्हणतंय?

शाळेने मला काय दिलं, असं कुणी विचारलं की मी इंग्रजीच्या बाईंचा अवांतर वाचनाचा तास सांगते. जेन ऑस्टिनची १८१३ सालची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी बाई मूळ इंग्रजीतून वाचत आणि मराठीतून उलगडत. नववीच्या मुलांना ती पेलेल, हा त्यांचा विश्वास मला आजही थोर वाटतो.

‘प्राउड’ हा शब्द आला की बाई थांबत. “हे कोण म्हणतंय?” पहिल्यांदा मेरिटनच्या नाचात अख्खं गाव म्हणतं. वर्षाला दहा हजार पौंडांचा धनी म्हणून ज्याचं अर्धी संध्याकाळ कौतुक चाललं, तोच नायक डार्सी लोकांत मिसळत नाही म्हणताच गर्विष्ठ ठरतो. नायिका एलिझाबेथची मैत्रीण शार्लट म्हणते, घराणं, पैसा सगळं आहे, त्याला अभिमान असायचाच. एलिझाबेथचं उत्तर मला तोंडपाठ आहे: त्याने माझा अभिमान दुखावला नसता, तर त्याचा मी सहज माफ केला असता. पुढे डार्सीची बदनामी करत फिरणारा विकहॅम हाच शब्द वापरतो, तो स्वतःची लबाडी झाकायला. आणि डार्सीला चार वर्षांचा असल्यापासून ओळखणारी पेम्बर्ली या त्याच्या वाड्याची कारभारीण म्हणते, मला तर गर्व कधी दिसला नाही. इतर तरुणांसारखी वायफळ बडबड करत नाही, एवढंच.

डार्सीत ताठा नव्हताच, असं मात्र बाई कधी म्हणाल्या नाहीत. लग्नाची मागणी घालताना तो एलिझाबेथच्या घरच्यांचा कमीपणा तिच्याच तोंडावर काढतो, तिथे त्यांचा आवाज चढायचा. चांगली तत्त्वं मिळाली, पण ती गर्वाने आणि अहंमन्यतेने पाळत राहिलो, हे शेवटी तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. तो परिच्छेद त्यांनी आम्हाला दोनदा वाचून दाखवला.

मग दोघांचं लग्न ठरल्यावर वडिलांपुढे एलिझाबेथ डोळ्यांत पाणी आणून डार्सीची बाजू घेते. त्याच्यात गर्व नाही, असं ती म्हणत नाही. अनाठायी गर्व नाही, असं म्हणते. “म्हणजे रास्त तेवढा आहेच!” मागच्या बाकावरून एक मैत्रीण ओरडली. त्यावर असा वाद जुंपला की पुढच्या तासाचे पीटीचे सर दारात येऊन उभे राहिले, आणि आम्हाला मैदानावर न्यायचं सोडून शार्लटची बाजू घेऊन भांडू लागले.